घोटा मोडलाय, पासाऊ–व्हिएन्ना सायकल सहल आता रेल्वेने कशी करावी?

चाकवत | १७ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर आम्हा सहा जणांचा बेत ठरलाय. डॅन्यूबच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने, साधारण सव्वातीनशे किलोमीटर. वर्षभर खडकवासला, पानशेत, रविवारी बोपदेव घाट असा सराव चालला होता आणि जुलैत घोटा मोडला. सायकलवरून नाही हो, सोसायटीच्या जिन्यात, शेवाळावरून. आत प्लेट आणि स्क्रू आहेत. सध्या निम्मं वजन टाकायला परवानगी आहे. निघेपर्यंत एका काठीवर येईन असं फिजिओ म्हणतात. सायकलचं नाव डिसेंबरपर्यंत काढू नका, हे सर्जननी निक्षून सांगितलंय.

ऑस्ट्रियाचा व्हिसा हातात आहे, म्युनिकची विमानाची तिकिटं झालीत, सायकल सहलवाल्या कंपनीला पैसे गेलेत. त्यात भाड्याच्या सायकली, रोजचा मुक्काम आणि या मुक्कामाहून त्या मुक्कामी बॅगा पोचवणं असं सगळं आहे. नवरा म्हणतो, मीही सायकल सोडतो आणि तुझ्याबरोबर गाडीने येतो. ते मला मुळीच नकोय. बाकीच्यांनी सायकल मारावी, मी रोज रेल्वेने पुढे जाऊन संध्याकाळी त्यांना गाठावं, असं डोक्यात आहे. मुक्काम असे: पासाऊ, श्ल्योगन, लिंझ, ग्राइन, मेल्क, क्रेम्स, व्हिएन्ना.

हे जमण्यासारखं आहे का? युरेल पास (युरोपभर रेल्वेने फिरायचा) घ्यावा का? आणि काठी घेऊन तिकडच्या गाड्यांत चढणं-उतरणं कितपत अवघड जातं? अनुभवी लोकांनी लिहा.

अगाऊ_गणू | १७ ऑगस्ट, रात्री ९.५२

दिंडीत सामानाचा ट्रक पुढे जातो, मुक्कामी चूल पेटवतो आणि वारकरी मागून चालत येतात. ताई, तुम्ही आमच्या दिंडीचा ट्रक. पिठलं तयार ठेवा.

घाटरस्ता | १७ ऑगस्ट, रात्री १०.३०

रेल्वे कशाला? इ-बाईक घ्या. त्या मार्गावर जागोजागी भाड्याने मिळतात, रस्ता सपाट आहे, बहुतेक ठिकाणी डांबरी आणि गाड्यांपासून वेगळा. पायाला जोर लावायची गरजच नाही. मी गुडघ्याच्या दुखण्यानंतर इ-बाईकवरच सुरुवात केली होती.

अस्थिपंजर | १७ ऑगस्ट, रात्री ११.१५

घाटरस्ता, गुडघ्याचं दुखणं वेगळं आणि प्लेट बसवलेला घोटा वेगळा. पेडल मारताना घोट्यावर फार भार येत नाही, हे खरं. प्रश्न थांबतानाचा आहे. इ-बाईकचं वजन पंचवीस किलोच्या आसपास असतं. समोर अचानक कुणी आलं की तुम्ही जो पाय टेकवाल त्यावर ते धूड कलतं आणि घाबरलेल्या क्षणी कुठला पाय टेकायचा हे कुणी ठरवून करत नाही. सर्जन डिसेंबर म्हणाले असतील तर डिसेंबरच.

चाकवत, तुमची केस मी पाहिलेली नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच करा.

विमान: पायाच्या शस्त्रक्रियेनंतर लांबच्या प्रवासात शिरेत गुठळी व्हायची भीती नेहमीपेक्षा जास्त असते. रक्त पातळ करायचं इंजेक्शन किंवा गोळी लागेल का, दाबाचे मोजे घालायचे का, हे सर्जनना आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नको. विमान कंपनीकडे चाकाची खुर्ची मागताना तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही नकोत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत नेऊन बसवायचं. तुम्ही दुसरा मागा. विमान कधी कधी लांब उभं करतात, मग शिडीने उतरावं लागतं. धातूमुळे तपासणीत बीप वाजू शकतो, डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ ठेवा.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. निम्मे लोक उलट धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. संध्याकाळी घोटा सुजणार, हे गृहीत धरा. त्यासाठी रोज दुपारी तासभर पाय उंच करून पडायला जागा हवी. तुमच्या योजनेत मला ती दिसत नाही. रोज खोली सोडायची, स्टेशन, नवीन गाव, नवीन खोली. सायकलवाल्यांपेक्षा तुम्हीच जास्त दमाल.

तिकीटखिडकी | १८ ऑगस्ट, सकाळी ७.०५

अस्थिपंजर डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा मी नकाशावरून सिद्ध करतो. 😀

सायकलचा रस्ता नदीला धरून जातो, रेल्वेचा जात नाही. पासाऊहून निघालेली मुख्य गाडी लगेच डॅन्यूब सोडते आणि शेर्डिंग, वेल्सवरून लिंझला येते. मधे जिथे नदी डोंगरात जवळजवळ उलटी वळते, ते श्ल्योगनचं वळण, ज्याचे फोटो बघून लोक या सहलीला जातात, तिथे रेल्वेच नाही. वरून ते वळण बघायला जंगलातली चढाची पाऊलवाट आहे, ती तुम्हाला यंदा नको. पासाऊहून श्ल्योगनपर्यंत प्रवासी बोटी जातात. त्यातून वळणाच्या आतून जाता येतं, तेवढंच.

लिंझनंतर उत्तर काठाने छोटी गाडी माउटहाउझेनवरून ग्राइनला जाते. ही खरी नदीकाठची गाडी, पण ग्राइनच्या थोडं पुढून मेल्कच्या समोरच्या एम्मर्सडॉर्फपर्यंतचा पट्टा नेहमीच्या प्रवासी गाड्यांना बंद झालेला आहे. म्हणजे सायकलवाले ग्राइनहून मेल्कला नदीकाठाने सरळ जातील आणि तुम्ही ग्राइनहून मागे सांक्ट व्हालेंटिनला याल, मग मुख्य मार्गाने आम्स्टेटन, तिथे बदलून मेल्क. पन्नासेक किलोमीटरसाठी दोनदा गाडी बदलणं, काठी घेऊन.

याउलट लिंझहून सगळं सोपं. मेल्कला एकदा आम्स्टेटनला बदलून, क्रेम्सला सांक्ट पोल्टनला बदलून. क्रेम्सहून व्हिएन्नाच्या फ्रान्स जोसेफ स्टेशनला थेट गाडी, आणि टुल्न ते क्लोस्टरनॉयबुर्ग ती पुन्हा डॅन्यूबला लगटून धावते. डावीकडे खिडकी पकडा.

पास घेऊ नका. एवढ्याशा अंतराला युरेल म्हणजे पैसे पाण्यात. सुटी तिकिटं काढा. ओबेबेचं (ऑस्ट्रियन रेल्वे) श्पारशीने तिकीट स्वस्त असतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं आणि साधारणपणे पैसे परत मिळत नाहीत. तुमच्या पायाचा दिवस कसा उगवेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे ते फक्त लांबच्या एखाद्या टप्प्याला. जवळच्या फेऱ्यांना साधं तिकीट.

डॅन्यूबकाठची | १८ ऑगस्ट, दुपारी १.२०

मी लिंझला राहते. वरचं वाचून एवढंच म्हणेन, रोज त्यांना गाठायचा नाद सोडा. लिंझला तळ ठोका, मग क्रेम्सला, मग व्हिएन्ना. सायकलवाले तुमच्याकडे येतील आणि पुढे जातील.

लिंझमधून ग्राइन एका दिवसात होतं, तास-सव्वा तासाची गाडी. ग्राइनला १७९१ चं छोटं नाट्यगृह आहे, खुर्च्यांना कुलूप लावायची सोय असलेलं. खुर्ची तुमची म्हणजे तुमचीच, दुसरा कुणी बसायचा नाही. सायकलवाले संध्याकाळी घामेजून येतात आणि हे न बघताच झोपतात.

माउटहाउझेनचंही तसंच. नाझींच्या छळछावणीचं स्मारक गावाच्या वर टेकडीवर आहे, सायकलवाले चढ बघून खालूनच पुढे जातात. तुम्ही स्टेशनवरून टॅक्सी करा. आत फरसबंदी खडबडीत आहे, काठी सांभाळून. खाणीच्या १८६ पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, दुरून बघूनही पोटात गोळा येतो. परत आल्यावर तो दिवस मोकळा ठेवा, लगेच केक खायला जाववत नाही.

लिंझमध्ये पोस्टलिंगबेर्ग टेकडीवर ट्राम थेट वर जाते, १८९८ पासून आहे, तिला पायाची अट नाही. वरून डॅन्यूबचं जे दिसतं ते सायकलवरून दिसत नाही.

स्पष्टवक्ता | १८ ऑगस्ट, दुपारी ४.४५

कुणालाच रुचणार नाही, पण लिहितो. रद्द करा. पुढच्या वर्षी सगळ्यांनी जा. एकाने काठी टेकत स्टेशनवर बसायचं आणि पाचांनी अपराधी चेहऱ्याने सायकली मारायच्या, याला सहल म्हणत नाहीत.

चाकवत | १८ ऑगस्ट, रात्री ९.१०

स्पष्टवक्ता, हे घरात सगळ्यांनी बोलून झालंय. आमच्यातल्या एकीची लेक जानेवारीत बाळंत होणार आहे, एक जण मार्चमध्ये निवृत्त होऊन गावी जातोय. पुढच्या वर्षी हेच सहा जण जमतील याची खात्री कोण देणार? आणि अपराधी चेहऱ्याचं औषध माझ्याकडे आहे. त्यांनी तसा चेहरा केला की बॅग उचलायला लावते.

डॉक्टर, दुपारी पडण्याचा मुद्दा पटला, फिजिओंनीही तेच सांगितलं. तिकीटखिडकी, नकाशा उघडून तुमच्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून बघितलं. ग्राइन-मेल्कचं माझ्या ध्यानातच आलं नसतं.

विम्याचं विचारते. पॉलिसी पाय मोडायच्या आधी काढलेली. कॉल सेंटरवर तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. आणि व्हिसाच्या अर्जात सायकलचा कार्यक्रम लिहिलाय, तो बदलला तर?

तिकीटखिडकी | १८ ऑगस्ट, रात्री ९.३५

व्हिसा ऑस्ट्रियाचा आहे आणि सर्वाधिक रात्री अजून ऑस्ट्रियातच आहेत, म्हणजे मुख्य मुक्काम बदलला नाही. सायकल की रेल्वे, याच्याशी त्यांना घेणं नाही. नवीन मुक्कामांची आरक्षणं छापून जवळ ठेवा, म्युनिकला उतरल्यावर विचारलं तर दाखवायला.

विम्याचं तोंडी उत्तर धरूच नका. ई-मेल करा, त्यात शस्त्रक्रियेची तारीख लिहा, लेखी उत्तर मागा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं ते तुमच्याकडे असणारच, पण आधीपासूनच्या दुखण्यासंबंधी काय मिळेल हे पॉलिसीच्या बारीक अक्षरात असतं. जुना घोटा पुन्हा दुखावला तर काय, हा नेमका प्रश्न विचारा.

ठाण्याचे_आजोबा | १९ ऑगस्ट, सकाळी ६.३०

दोन्ही गुडघे बदलल्यावर सौ.बरोबर ऑस्ट्रिया रेल्वेने केलं आहे, म्हणून गाड्यांबद्दल लिहितो.

सगळ्या गाड्या सारख्या नसतात. रेलजेट आणि जर्मन आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या बहुतेक दारांतच पायऱ्या आहेत, आणि मागे रांग उभी. ओबेबेची सिटीजेट (जवळच्या पल्ल्याची गाडी) आणि वेस्टबान कंपनीची दुमजली गाडी, दोन्ही बहुतेक फलाटांशी जवळजवळ समपातळीवर. ऑस्ट्रियात नवे फलाट ५५ सेंटिमीटर उंचीचे बांधतात, या गाड्यांची दारं त्याच हिशेबाने. दहा-वीस मिनिटं जास्त लागली तरी मी तीच गाडी पकडायचो. वेस्टबानमध्ये खालच्या मजल्यावर बसावे.

दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते. गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, लहान स्टेशनात त्याहून कमी. लांबच्या गाड्यांसाठी फलाटावर डब्यांची मांडणी दाखवलेली असते, आपल्या कोच इंडिकेटरप्रमाणेच, पण तिथे फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात. तुमचा डबा कुठल्या भागात येतो ते बघून आधीच तिथे उभे राहा. गाडी आल्यावर फलाटभर धावणे हे आपल्या वयाला आणि तुमच्या घोट्याला शोभत नाही.

मदत हवी असेल तर फुकट मिळते. युरोपीय नियमानुसार २४ तास आधी कळवायचे. माणूस येतो, गरज असेल तर लिफ्ट आणून चढवतो. लाजू नये. आम्ही सुरुवातीला लाजलो आणि सौ.ने बॅग उचलून पाठ धरून घेतली.

आणि गाडी बदलायला सहा मिनिटांची जोडगाडी ॲप दाखवेल. ती घेऊ नये. ओबेबेच्या ॲपमध्ये बदलण्यासाठीचा वेळ वाढवून मागता येतो. मी अर्धा तास ठेवायचो, त्यात कॉफी होते.

डॅन्यूबकाठची | १९ ऑगस्ट, सकाळी ११.००

आजोबांना अनुमोदन. बॅगेवरून आठवलं. चाकवत, सायकल कंपनीकडून तुमची सायकल रद्द करा, पण बॅग पोचवण्याची सेवा रद्द करू नका. तुमचे पैसे तसेही गेलेत. मोठी बॅग त्यांच्या गाडीतून क्रेम्सला, मग व्हिएन्नाला जाऊ दे, तुम्ही पाठीवर छोटी सॅक आणि हातात काठी एवढंच घेऊन गाडीत बसा. एक हात काठीत अडकलेला असताना चाकांची बॅग ओढणं म्हणजे काय, ते एकदा घरातल्या घरात करून बघा. काही कंपन्या त्या गाडीत एखाद्या प्रवाशाला जागाही देतात, विचारायला काय जातं.

रानजाई | १९ ऑगस्ट, दुपारी ३.१५

बोटीवर राहून सायकल करायच्या सहली असतात ना पासाऊ-व्हिएन्ना-पासाऊ? खोली बोटीवरच, सायकलवाले सकाळी उतरतात, पुढच्या धक्क्यावर चढतात. ज्याला सायकल नको तो डेकवर. तुमच्यासाठी बनवल्यासारखी.

चाकवत | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

रानजाई, आधी कळतं तर तीच घेतली असती. चौकशी केली. आमच्या तारखांना सहा जणांच्या खोल्या नाहीत, आणि आत्ताचे पैसेही फारसे परत मिळत नाहीयेत. पण हा धागा पुढे कुणी वाचत असेल आणि गटात एखादा कच्चा गडी असेल, तर हे आधी बघा.

सायकल कंपनीचं उत्तर आलं. माझी सायकल वगळली, थोडे पैसे परत, बॅग तशीच जाणार. श्ल्योगन आणि ग्राइनचे मुक्काम माझ्यापुरते काढून लिंझला जास्तीच्या रात्री दिल्या. मेल्कऐवजी मी सरळ क्रेम्सला.

आता फक्त वाखाउचं कोडं उरलं. मेल्क ते क्रेम्स हा सगळ्यात देखणा तुकडा म्हणतात, आणि तो एकटीने बसच्या खिडकीतून बघायचा जिवावर आलंय.

घाटरस्ता | १९ ऑगस्ट, रात्री १०.४०

इ-बाईकचा हट्ट सोडला. 🙏 पण वाखाउचं उत्तर माझ्याकडे आहे. बोट! मेल्क ते क्रेम्स एप्रिल ते ऑक्टोबर प्रवासी बोटी चालतात आणि त्यात सायकली घेतात. तुमच्या मंडळींनी त्या दिवशी श्पिट्झपर्यंत सायकल मारावी, तिथे सायकली बोटीवर चढवाव्यात. तुम्ही मेल्कला चढून बसलेल्या. श्पिट्झ ते क्रेम्स सहाही जण एकत्र. मेल्क ते क्रेम्स प्रवाहाबरोबर पावणेदोन तासांच्या आसपास, उलट दिशेने तीन तास, म्हणून दिशा चुकवू नका. सायकलींची जागा मर्यादित असते, आधी कळवा.

डॅन्यूबकाठची | २० ऑगस्ट, सकाळी ९.२५

उत्तम! क्रेम्सहून सकाळी ७१५ नंबरची बस पकडा, ती उत्तर काठाने ड्युर्नश्टाइन, श्पिट्झ करत मेल्कला जाते. जाताना नदीकडच्या बाजूला बसा. मेल्कचा मठ १७०२ ते १७३६ मध्ये बांधलेला, पिवळाधमक, आणि आहे उंचावर. स्टेशनपासून चालत गेलात तर चढ आणि दगडी फरशी. टॅक्सीने वर जा, उतरताना टॅक्सीनेच थेट धक्क्यावर. मठ पूर्ण बघायचा हट्ट नको, ग्रंथालय आणि चर्च पुरे.

ड्युर्नश्टाइन बोटीतूनच बघा. इंग्लंडच्या रिचर्ड राजाला ११९२ च्या हिवाळ्यात ज्या किल्ल्यात कोंडलं, त्याचे अवशेष वर दिसतात. वर चढून जायची वाट म्हणजे आपल्या सिंहगडाची धाकटी बहीण. ती तुमच्या मंडळींसाठी.

क्रेम्सला बोटीचा धक्का स्टेशनला लागून नाही, मुक्काम कुठे आहे ते बघून टॅक्सी सांगून ठेवा. जर्दाळूचा हंगाम तोवर संपलेला असतो, पण मुरांबा बारा महिने मिळतो. तुमच्या वेळेला श्टुर्म मिळेल, अर्धवट आंबलेला द्राक्षरस. गोड लागतो म्हणून दोन पेले घेऊ नका, काठीवर आहात.

अगाऊ_गणू | २० ऑगस्ट, सकाळी ९.३१

आणि बिघडलेल्या पोटाने विमानात बसू नका. श्टुर्मबद्दल ऐकून आहे.

अस्थिपंजर | २० ऑगस्ट, दुपारी २.१०

आता योजना बरी दिसते. बोटीवर चढायची फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी सपाट, कधी उताराची असते. ओली असेल तर दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्या, नुसत्या काठीवर जाऊ नका. रक्त पातळ करायचं औषध चालू राहिलं तर दारूबद्दलही सर्जनना विचारा.

चाकवत | २१ ऑगस्ट, रात्री ९.००

ठरलं तर. म्युनिक विमानतळावरून लांड्सहूटला गाडी, तिथून पासाऊ. सगळे एकत्र, बायर्न तिकिटावर (बव्हेरिया राज्यातलं दिवसभराचं गट-तिकीट). दुसऱ्या दिवशी ते सायकलवर, मी सिटीजेटने लिंझ. लिंझहून ग्राइन आणि माउटहाउझेन, वेगवेगळ्या दिवशी, मधल्या दिवशी फक्त ट्राम आणि पाय वर. मग क्रेम्स, वाखाउची बोट, आणि शेवटी खिडकीतून डॅन्यूब बघत व्हिएन्ना. नवऱ्याला सांगितलंय, क्रेम्स ते व्हिएन्ना तू माझ्याबरोबर ये हवं तर. तो म्हणाला, तो टप्पा सगळ्यात लांब आहे ना, येतोच.

तिकीटखिडकी | २१ ऑगस्ट, रात्री ९.४८

त्याची सायकल कंपनीला क्रेम्सलाच परत देता येते का ते बघा, नाहीतर गाडीत सायकलचं वेगळं तिकीट लागेल. दुसरं, म्युनिकच्या बाजूला सध्या मार्गांची मोठी कामं निघतात, लांड्सहूट-पासाऊचं वेळापत्रक निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. बायर्न तिकीट कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच चालतं आणि एका तिकिटावर पाच जणच, सहाव्याला वेगळं. आणि बोट पाणी वाढलं की बंद होते. सप्टेंबर २०२४ च्या पुरात तर व्हिएन्ना-सांक्ट पोल्टनचा रेल्वेमार्गसुद्धा महिनोन्‌महिने विस्कळीत होता. पाऊस असला तर आदल्या रात्री बोट कंपनीचं पान बघा. बोट नसेल तर ७१५ आहेच, सायकलवाले आपले नदीकाठाने येतील.

ठाण्याचे_आजोबा | २२ ऑगस्ट, सकाळी ६.१०

व्हिएन्नात ट्रामच्या फलकावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असेल ती घ्यावी, तिची पायरी अगदी खाली असते. मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांत उद्वाहक आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ते फलाटाच्या एकाच टोकाला असतात, चुकीच्या टोकाला उतरलात तर अख्खा फलाट चालणे आले. चाकवत, काठीचे रबर निघायच्या आधी नवे बसवून घ्या. एक सुटे जवळ ठेवा, तिथल्या दगडी रस्त्यांवर आमचे लवकर झिजले होते.